साडेसहाला उतरणारं विमान

"वनिता, विमान गेलं वं."

मंगळवारी सकाळी पावणेअकराला हा फोन आला, तेव्हा मी इतवारीतल्या एका भांडे-व्यापाऱ्याच्या कुटुंबाची थायलंडची तिकिटं काढत होते. नंबर परदेशातला होता, आवाज मेश्राम गुरुजींचा. मागे कुठल्यातरी विमानाची सूचना आधी अरबीत आणि मग इंग्रजीत चालली होती.

"गेलं म्हणजे काय गुरुजी? उडालं?"

"उडालं नाई. काचेतून समोर दिसून राहिलं. पण दार लावलं म्हणते ते पोरगी. आता उघडत नाई म्हणते."

गेटवरची ती मुलगी बरोबर सांगत होती. विमान सुटायच्या वीसेक मिनिटं आधी गेट बंद करतात. त्यानंतर विमान तिथेच उभं दिसलं तरी दार उघडत नाहीत. आतल्या माणसांची यादी पक्की झालेली असते आणि जो आला नाही त्याचं सामान विमानाच्या पोटातून काढायचं काम सुरू झालेलं असतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी हे कितीतरी लोकांना समजावून सांगितलं आहे. गुरुजींना मात्र काही सांगवेना.

"बसला आहात का?" मी एवढंच विचारलं.

"बसलो. हा फोन यादगिरीचा हाय. इथं साफसफाई करते. तेलंगणाचा हाय, हिंदी बोलते. चांगला माणूस हाय."

"श्वास?"

"श्वास ठीक हाय. गुडघ्याचं विचारू नको. आता कसं करायचं, वनिता? प्रज्ञा वाट पाहून राहिली असन."

प्रज्ञा त्यांची मुलगी. शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होती. आता इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहरात राहते. तिच्या घशात कॅन्सर निघाला होता आणि बुधवारी सकाळी आठ वाजता तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर ती बोलू शकणार नव्हती. पुढे मशीन लावून बोलता येतं म्हणतात, पण तो आवाज आपला नसतो.

तारीख ठरली त्या दिवशी तिने मला फोन केला होता. आवाज आधीच घोगरा झाला होता.

"वनिताताई, बाबांना मंगळवारी दुपारपर्यंत आण. एक संध्याकाळ पाहिजे मला. फोनवर सगळं बोलता येत नाही गं."

"आणते," मी म्हटलं होतं.

गुरुजी मंगळवारी दुपारी एकला तिथे उतरणार होते. नागपूरहून पहाटेचं विमान, आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर दोन तासांनी पुढचं विमान. तिकीट मीच काढलं होतं. आणि आता ते पुढचं विमान काचेपलीकडे उभं होतं.

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. खाली मेडिकल, वर पॅथॉलॉजी, मध्ये आम्ही. तिकीट आजकाल कोणीही मोबाईलवर काढतं. तरी आमच्याकडे लोक येतात, कारण त्यांची मुलं परदेशात असतात आणि आई-वडील पहिल्यांदाच निघालेले असतात. एप्रिल-मे हा आमचा सीझन. नागपूर तापायला लागलं की विदर्भातले आई-वडील मुलांकडे निघतात. त्यांना तिकीट कमी आणि धीर जास्त लागतो.

मोठं विमानतळ म्हणजे काय, हे त्यांना आधी सांगावं लागतं. आपल्या नागपूरला विमानातून उतरलं की पाच मिनिटांत सामानाच्या पट्ट्याशी पोहोचतो. तिकडे तसं नसतं. कधी विमान इमारतीला लागतच नाही, लांब मैदानात उभं राहतं. मग शिडीने खाली उतरायचं, बसमध्ये चढायचं. इमारतीत शिरल्यावर दीड-दोन किलोमीटर चालणं होतं. मध्ये सरकते पट्टे असतात. काही ठिकाणी इमारतीच्या पोटातच रेल्वे असते. पाट्या दोन असतात. ज्याला तिथेच उतरायचं त्याने 'अरायव्हल्स'कडे जायचं, ज्याला पुढचं विमान पकडायचं त्याने 'ट्रान्सफर्स'कडे. चुकीच्या पाटीमागे गेलं की अर्धा तास गेला. मग पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा कमरेचा पट्टा काढा, पुन्हा पाण्याची बाटली टाका. गेटचा नंबर बोर्डवर बघायचा आणि बघितल्यावर पुन्हा एकदा बघायचा, कारण तो बदलतो.

एवढं सांगून होईपर्यंत समोरच्या काकूंचं तोंड एवढंसं झालेलं असतं. मग आम्ही आमचा हुकमी उपाय काढतो.

"काळजी करू नका काकू. व्हीलचेअर टाकून देते."

ही फुकट असते. तिकिटात एक कोड टाकला की विमानाच्या दाराशी माणूस खुर्ची घेऊन येतो. तो तुम्हाला सगळ्या रांगांमधून, सगळ्या पाट्यांमधून नेऊन पुढच्या गेटशी सोडतो. काकूंचे पाय ठणठणीत असतात. त्यांना खुर्ची नको असते, खुर्ची ढकलणारा माणूस हवा असतो. इंग्रजी येत नाही, हरवायची भीती वाटते. आमचे मालक गुप्ताजी म्हणायचे, "सबको डाल दो मॅडम. फ्री का है. बच्चे भी खुश, बुढ्ढे भी खुश."

मी सगळ्यांना टाकत होते. वर्षानुवर्षं.

नागपूर विमानतळावर आमच्या ओळखीचा एक ड्युटीवरचा माणूस होता. तो एकदा मला म्हणाला, "काय मॅडम, तुमचे सगळेच म्हातारे एकदम लंगडे कसे झाले? सकाळी फुटाळा तलावावर तर पळताना दिसतात."

मी हसले होते. तोही हसला होता.

या कोडचे तीन प्रकार असतात. शेवटचं अक्षर बदलतं. 'आर' म्हणजे माणूस पायऱ्या चढतो-उतरतो, फक्त लांब चालू शकत नाही. 'एस' म्हणजे पायऱ्या जमत नाहीत. 'सी' म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. विमान लांब मैदानात उभं राहिलं तर 'एस' आणि 'सी'वाल्यांसाठी वर-खाली होणारी गाडी येते, तिला अँब्युलिफ्ट म्हणतात. 'आर'वाल्यांनी शिडीने उतरायचं. ज्यांची गरज जास्त त्यांची खुर्ची आधी लागते. तिथल्या माणसांच्या हातात यादी असते आणि ते यादीवरचं अक्षर बघतात, चेहरा नाही.

मी सगळ्यांना 'आर' टाकत होते. कोणी काही विचारत नाही, कागद लागत नाही.

आता गुरुजींचं सांगते. मी मौद्याजवळच्या गावातली. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मेश्राम गुरुजी आम्हाला गणित शिकवायचे. बारावीनंतर ते तीनदा आमच्या घरी आले, तिसऱ्या वेळी बाबा हो म्हणाले. कॉलेजच्या खिडकीशी बोलायची बाबांची हिंमत होत नव्हती, म्हणून गुरुजीही नागपूरला आले. फॉर्म त्यांनी स्वतः माझ्याकडून भरून घेतला. अक्षर रेघेवर राहावं म्हणून खाली पट्टी धरून बसले होते. मी ग्रॅज्युएट झाले, नोकरीला लागले, माझ्या दोन्ही मुली इंजिनिअरिंगला आहेत. यातलं किती त्यांच्यामुळे, ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात. गुडघे त्याच्याही आधीपासून गेलेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या. तिकिटाची कागदपत्रं द्यायला ते आले तेव्हा वर आलेच नाहीत. खालच्या मेडिकलच्या बाकावर बसले आणि फोन केला, "वनिता, तूच ये खाली. तुहा जिना मले झेपत नाई."

मी खाली गेले.

"व्हीलचेअर टाकते गुरुजी."

"काहून वं? मी काय पेशंट हाय?"

"छाती उघडली तुमची. पेशंटच आहात."

"छाती उघडली, पाय तर जागेवरच हायेत ना." मग जरा थांबून म्हणाले, "टाक बापा. प्रज्ञापाशी वेळेवर पोहचलो म्हणजे झालं. मग मले हातगाडीवर नेलं तरी चालते."

मेडिकलवाला हसला. मीही हसले. पासपोर्ट घेतला आणि जिना चढून वर आले.

त्या विमानात माझे नऊ प्रवासी होते. आठ जणांचे कोड आधीच टाकून झाले होते. नववा टाकायला मी बसले, तेव्हा समोर तिघं उभे होते, फोन वाजत होता. मी 'आर' टाकला. जो माणूस माझा एक जिना चढू शकला नव्हता, ज्याच्यासाठी मी नुकतीच खाली जाऊन आले होते, त्याच्या नावापुढे मी लिहिलं की याला पायऱ्या जमतात. विचार करून चुकले असते तर एक वेळ समजलं असतं. मी विचारच केला नाही.

विमान पंचवीस मिनिटं उशिरा उतरलं आणि लांब मैदानात उभं राहिलं. पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

दाराशी एका मुलीकडे यादी होती. गुरुजींनी नाव सांगितलं. तिने बघितलं आणि शिडीकडे हात केला. गुरुजींनी गुडघा दाखवला. तिने अँब्युलिफ्टसाठी वॉकीटॉकीवर विचारलं. त्या गाडीच्या यादीत नाव नाही, थांबावं लागेल, असं उत्तर आलं. गुरुजींना कोणाला थांबवणं आवडत नाही. त्यांनी कठडा धरला आणि एक एक पायरी उतरले. एका एअर होस्टेसने त्यांची पिशवी धरली. बस त्यांच्यासाठी थांबली होती. बसमधले लोक घड्याळ बघत होते.

इमारतीच्या दाराशी खुर्च्या होत्या, त्या संपल्या होत्या. आधीच्या बसने गेलेल्यांनी घेतल्या. त्यात माझे आठ जण होते. बाकी एजंटांचेही असतील.

त्या आठांपैकी एक होत्या देशमुख काकू, फुटाळ्यावर रोज दोन चकरा मारणाऱ्या. त्यांनी दहाच्या सुमारासच मला फोटो पाठवला होता. खुर्चीत बसलेल्या, अंगठा वर केलेला. खाली लिहिलं होतं, 'एकदम मस्त सर्व्हिस वनिता. थँक यू.' मी त्यांना हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि कामाला लागले. तो फोटो मी दुपारी पुन्हा उघडला. मागे भिंतीला टेकून पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा आहे. एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात रेक्झिनची पिशवी. चेहरा नीट दिसत नाही. मला दिसायची गरज नव्हती.

तिथे त्यांना 'टेन मिनिट्स' सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा 'टेन मिनिट्स'. अर्ध्या तासाने गुरुजी चालायला लागले. सिक्युरिटीच्या रांगेत दोनदा खाली बसले. यादगिरीने त्यांना तिथे बघितलं आणि हात धरून गेटपर्यंत आणलं. दार बंद होऊन चारच मिनिटं झाली होती.

मी गुप्ताजींना सांगितलं. ते लगेच उठून माझ्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही.

"दूसरी फ्लाइट देखो."

मी बघतच होते. दुपारचं विमान भरलेलं. संध्याकाळचं भरलेलं. सीझन होता. युरोपातल्या एका शहरावरून एक सीट दिसली, मंगळवारी रात्री दहाला पोहोचवणारी. मी गुरुजींचं नाव टाकायला घेतलं. मग लक्षात आलं, त्या शहरात विमान बदलायला भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. नुसतं विमानतळावर बसायचं असलं तरी लागतो. गुरुजींकडे फक्त इंग्लंडचा होता. सीट तशीच समोर दिसत राहिली. थोड्या वेळाने तीही कोणीतरी घेतली.

शेवटी एक मिळालं. मध्यरात्रीनंतर सुटणारं आणि बुधवारी सकाळी साडेसहाला उतरणारं. या वेळी मी 'एस' टाकला. एअरलाईनला फोन करून वाचून घेतला.

साडेसहाला विमान. आठला ऑपरेशन. विमानतळापासून दवाखाना गाडीने चाळीस मिनिटं.

हे गणित कागदावर बसत होतं. आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. साडेसहा ही विमान जमिनीला टेकायची वेळ असते. सकाळी त्या शहरावर विमानं रांगेत घिरट्या घालतात. उतरल्यावर जागेवर लागायला दहा-पंधरा मिनिटं. खुर्ची येईपर्यंत सगळे उतरून जातात, कारण खुर्चीवाल्यांना शेवटी काढतात. मग इमिग्रेशन. सकाळी पूर्वेकडची सगळी मोठी विमानं एकदम येतात, खुर्चीवाल्यांचीही वेगळी रांग लागते. मग सामान. टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत दोन तास धरायचे, हे मी स्वतः नवीन मुलींना ट्रेनिंगमध्ये शिकवते.

पावणेदोनला मी प्रज्ञाला फोन लावला. तिकडे सकाळचे सव्वानऊ वाजले होते.

"ताई, बाबा कुठे आहेत?"

मी सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. तिने ते ऐकलंच नाही बहुतेक. तिने एकच विचारलं.

"मग आता कधी पोहोचतील?"

गुप्ताजी समोर उभे होते. त्यांनी हळूच म्हटलं, "बोल दो पहुँच जाएँगे. टेन्शन में क्या करेगी बेचारी."

हे आम्ही रोज म्हणतो. 'होऊन जाईल.' 'पोहोचतील.' गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की तोंडातून आपोआप येतं. बहुतेक वेळा होऊनही जातं.

"साडेसहाला उतरतात," मी म्हटलं. "तुला आत नेण्याआधी पोहोचतील."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या फोनवर यादगिरीच्या मोबाईलवरून गुरुजी होते. त्यांनाही मी तेच सांगितलं. मी दोन्ही फोन स्पीकरवर टाकले आणि टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवले. त्या दोघांना बोलायला दुसरी सोय त्या क्षणी नव्हती. गुरुजींच्या मोबाईलला रोमिंग नव्हतं आणि तिथलं वायफाय सुरू करायला ओटीपी लागत होता, जो त्या फोनवर येणार नव्हता.

"बाबा, गुडघा कसा आहे?"

"गुडघा हाय जागेवर. तू जेवली का?"

"आत्ता सकाळ आहे बाबा इकडे."

"मंग नाश्ता कर. उद्या उपाशी ठेवतीन तुले."

ती हसली. घोगरं हसू. मागे त्याच वेळी कुठल्यातरी विमानाची सूचना सुरू झाली आणि तिचं पुढचं वाक्य त्यात बुडालं.

"काय म्हणली बेटा?"

"काही नाही. तुम्हाला एक सांगायचं होतं. पण असं फोनवर नको, इतक्या गोंधळात. सकाळी येताच आहात ना. तेव्हा सांगते."

"हाव. येतोच मी. वनितानं सांगतलं पोहचतो म्हणून."

"मग ठेवू? त्या माणसाचा फोन आहे, त्याला काम असेल."

"ठेव. आराम कर."

चार मिनिटं झाली असतील. मी टेबलाशी उभी होते आणि मला त्या फोनमध्ये ओरडायचं होतं की ठेवू नका, आत्ताच सांगून टाक. पण नुकतंच 'नक्की' म्हणून झालं होतं. ते मागे कसं घ्यायचं, हे मला सुचलं नाही. फोन बंद झाले.

तीन वाजता मी नागपुरातून गुरुजींचं रोमिंग सुरू करून दिलं. त्यांचा फोन चालू झाला. त्यानंतर विमान सुटेपर्यंत कितीतरी तास होते. फोन त्यांच्या खिशात होता, तिचा तिच्या हातात. दिवसभरात दोघं एकदाच बोलले, जेवलात का, जेवलो, एवढंच. सकाळी भेटायचंच होतं, म्हणून कोणीच जास्त बोललं नाही. मी संध्याकाळी दोनदा फोन उचलला. खरं सांगायचं होतं. दोन्ही वेळा ठेवून दिला.

बुधवारी मी लवकर ऑफिसात आले. विमान आता कुठे आहे, हे स्क्रीनवर दिसतं. ते शहराजवळ आलं आणि गोल फिरायला लागलं. एक फेरी, दोन फेऱ्या. जमिनीला टेकलं तेव्हा तिथे सहा वाजून एकावन्न मिनिटं झाली होती.

या वेळी सगळं नीट झालं. दाराशी खुर्ची होती. त्यांच्या नावाची, बरोबर अक्षराची. माणूस चांगला होता. फक्त इमिग्रेशनच्या रांगेत त्यांच्यापुढे बऱ्याच खुर्च्या होत्या. साडेसातला गुरुजींनी मला फोन केला, कुजबुजत, कारण तिथे फोन वापरू देत नाहीत.

"वनिता, अजून किती वेळ लागते वं?"

"पुढे किती जण आहेत?"

"दिसत नाई मले शेवट."

तेवढ्यात कोणीतरी त्यांना फोन बंद करायला सांगितलं.

प्रज्ञाला पावणेआठला आत नेलं. जावयाने डॉक्टरांना पंधरा मिनिटं मागितली होती. त्यांनी दिलीही. गुरुजी बाहेर पडले तेव्हा पावणेनऊ झाले होते.

ऑपरेशन चांगलं झालं. कॅन्सर पूर्ण निघाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे आधी लिहायला हवं होतं कदाचित, कारण तेच महत्त्वाचं आहे. प्रज्ञा आता बरी आहे, कामावर जाते. बोलत नाही.

गुरुजी तीन महिने राहून परत आले. मी मौद्याला त्यांना भेटायला गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते.

"जयभीम गुरुजी."

"जयभीम. ये बस. बारीक झाली वं."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कोडचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, आठ खुर्च्यांचं सांगितलं. साडेसहाचंही सांगितलं. ते 'जाऊ दे' म्हणतील, असं मला वाटत होतं. माफी मागायला जाणाऱ्याला हेच वाटत असतं.

"म्हणजे चूक तुहीच होती," ते म्हणाले.

"हो."

"दोन चुका."

"हो."

"पयली घाईतली हाय. घाईत होते. पण दुसरीच्या वेळी तुले माहीत होतं ना, किती टाइम लागते तो?"

"माहीत होतं."

"मंग काहून सांगतलं?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी मान हलवली. "बरं तर वाटलं. दिवसभर बरं वाटलं मले. दुपारी झोपलो बी मी तिथं, खुर्च्यावर."

आतून त्यांच्या भावाची सून चहा घेऊन आली. तो पिऊन होईपर्यंत आम्ही पाऊस कमी झाल्याचं बोललो. निघताना मी विचारलं, "प्रज्ञाला काय सांगायचं होतं गुरुजी?"

"विचारलं मी. तिच्यापाशी लहानी पाटी हाय, तिच्यावर लिहून दाखवते ते. लिहिलं, काही विशेष नाही बाबा."

मी चपला घातल्या.

"नसन बी काही," गुरुजी म्हणाले. "पण तिचा बाप हाय ना मी. विशेष नसतं तर फोनवरच सांगतलं असतं."

आता मी फॉर्मवर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिते : पायऱ्या चढता-उतरता येतात का, लांब चालवतं का? दोन्ही जमत असेल तर व्हीलचेअर टाकत नाही. त्याऐवजी मराठीत लिहिलेला कागद देते, पाट्यांची चित्रं काढून, आणि विमानतळावरच्या मदतनिसाची वेगळी सोय कुठे मिळते ते सांगते. काही लोक रागावतात आणि समोरच्या एजंटकडे जातात. तो टाकून देतो. देशमुख काकूही तिकडेच गेल्या.

आणि कोणी विचारलं, "मॅडम, किती वाजता पोहोचतील?" तर मी विमान टेकायची वेळ सांगते आणि त्यात दोन तास मिळवून सांगते. लोकांचे चेहरे पडतात. ते पडू देते. कोणी दवाखान्यासाठी किंवा अशाच कारणासाठी निघालेलं असेल, तर एवढं आणखी सांगते की जे बोलायचं आहे ते आज फोनवर बोलून घ्या, भेटीवर ठेवू नका. हे सांगणं ट्रॅव्हल एजंटचं काम नाही, असं गुप्ताजींचं म्हणणं आहे.